नाल्याकाठचा पालक आणि आमच्या फ्रीजमधली पेंडी

भुईकोट
आईचं हिमोग्लोबिन ८.४ निघालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि खाली लिहिलं, 'पालेभाज्या भरपूर'. तेव्हापासून आमच्याकडे एक दिवसाआड पालक.

परवा पहाटे मित्राला सोडून येताना आपल्या सोलापूर शहराच्या कडेला एका नाल्यापाशी थांबलो. डिझेल इंजिनाचा आवाज येत होता म्हणून बघितलं. पाइपचं तोंड नाल्यात, दुसरं टोक पाटात, पाटात काळसर पाणी आणि वर साबणाचा फेस. पुढे वाफेच वाफे. पालक, कोथिंबीर, शेपू. इतका हिरवागार की डोळे निवावेत. बांधावर दोन बायका पेंड्या बांधत होत्या आणि बांधलेल्या पेंड्या त्याच पाटात बुचकळून टोपलीत रचत होत्या. मुळाची माती निघून जाते आणि पानं टवटवीत दिसतात.

घरी येऊन फ्रीज उघडला तर तसाच टवटवीत पालक.

आता घरात दोन तट आहेत. बायको म्हणते पालेभाजी बंद. आई म्हणते, 'आम्ही इतकी वर्षं खाल्ली, काय झालं?' मी नेटवर वाचत बसलो तर शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, आणि शेवटी कॅन्सर. घाबरवणारं पुष्कळ मिळालं, कामाचं थोडंच. इथे शेतीतली, दवाखान्यातली माणसं आहेत म्हणून विचारतो. खरंच किती घाबरायचं? आणि धुऊन जातं का हे?

कडक_भाकरी
भुईकोटराव, आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं. नाल्याला मात्र रोज. माळवं (भाजीपाला) कुठल्या पाण्यावर पिकणार, तुम्हीच सांगा. :)

गच्चीवाली
व्हॉट्सअॅपवर आलेलं टाकते. भाजी मिठाच्या पाण्यात २० मिनिटं ठेवायची, मग व्हिनेगरच्या पाण्यात. सगळे जड धातू तळाशी बसतात म्हणे.

सामू_८
ताई, तळाशी बसते ती माती. मी माती परीक्षणाच्या कामात बरीच वर्षं काढली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. चहा घेऊन बसा.

'जड धातू' असं एका दमात म्हणतात, पण प्रत्येकाची चाल वेगळी. भाजीत मुख्य बघायचे दोन, शिसं आणि कॅडमियम.

शिसं मातीला घट्ट चिकटतं. मुळात शिरलं तरी बहुतेक मुळातच अडकतं, पानापर्यंत फार कमी चढतं. पानावर सापडतं ते जास्त करून बाहेरून आलेलं असतं. रस्त्याची धूळ, पाणी देताना उडालेला चिखल, जुन्या रंगाचे पोपडे. आपल्या देशात शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं, पण त्याआधी रस्त्याकडेच्या मातीत जे पडलं ते कुठे गेलं नाही, ते कुजत नाही की उडून जात नाही. हे बाहेरचं शिसं धुण्याने बऱ्यापैकी जातं. साध्या पाण्याने, पण भरपूर पाण्याने आणि पानं सुटी करून. पेंडी तशीच नळाखाली धरली तर मधल्या पानांना पाणी लागतच नाही.

कॅडमियमचं उलटं. ते जस्ताचं भावंड आहे. रोपाला जस्त हवं असतं आणि त्याच दारातून कॅडमियम आत घुसतं. मुळातून खोडात, खोडातून पानात. पालक, लेट्यूस, राजगिरा ही मंडळी ते गोळा करण्यात पटाईत. हे पानाच्या आत असतं. मीठ लावा, व्हिनेगर लावा, ओझोनचं यंत्र आणा, हलत नाही. उकळून पाणी टाकून दिलं तर थोडं उतरतं. पण त्याबरोबर भाजीतलं बाकीचं सत्त्वही उतरतं.

आता आपल्या बाजूची गोष्ट. सोलापूरची काळी माती चुनखडीची, सामू, म्हणजे पीएच, ८ च्या आसपास (माझं नाव उगीच नाही). अशा विम्ल (अल्कधर्मी) जमिनीत कॅडमियम आणि शिसं दोन्ही बरीचशी बांधलेली राहतात. आम्लधर्मी जमिनीत, कोकणासारख्या, तेवढ्याच धातूतून जास्त पानात चढलं असतं. म्हणजे निसर्गाने एक कुलूप दिलेलं आहे.

त्या कुलपाच्या दोन किल्ल्याही इथेच आहेत. एक, आपल्या जमिनीत जस्ताची कमतरता. जस्त कमी पडलं की रोप हावरटासारखं कॅडमियम ओढतं. दोन, खारं पाणी. पाण्यातलं क्लोराइड कॅडमियमला मातीपासून सोडवून मुळापर्यंत पोचवतं. सांडपाण्यात मीठ असतं, आपल्या कित्येक बोअरलाही असतं. त्यामुळे 'बोअरचं पाणी' म्हटलं की डोळे मिटून भाजी घ्या, असंही नाही.

भुईकोट
सामूकाका, छान सांगितलंत. पण मर्यादा किती? एका बातमीत 'मर्यादेच्या दहापट' वाचलं आणि झोप उडाली.

सामू_८
भारतात पालेभाजीसाठी शिसं किलोला ०.३ मिलिग्रॅम आणि कॅडमियम ०.२ मिलिग्रॅम. हे ताज्या भाजीच्या वजनावर.

इथेच बहुतेक बातम्या आपटतात. प्रयोगशाळेत भाजी वाळवून, भुकटी करून मोजतात आणि शोधनिबंधात आकडा बहुधा कोरड्या वजनावर देतात. पालकात सुमारे ९२ टक्के पाणी असतं. म्हणजे किलोभर ताज्या पालकाची वाळवून ८० ग्रॅम भुकटी. भुकटीत किलोला २ मिलिग्रॅम कॅडमियम निघालं, तर ताज्यात ते ०.१६ झालं. मर्यादेच्या आत. पण बातमीदाराने २ ची तुलना थेट ०.२ शी केली की झालं, 'दहापट विष'. कुठलाही आकडा दिसला की आधी विचारा, ओलं की वाळलेलं?

उलटंही होतं बरं का. मर्यादेच्या आत आहे म्हणून रोज दोन जुड्या रिचवायच्या, हेही गणित चुकतं. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने कॅडमियमसाठी महिन्याची मर्यादा ठरवली आहे, वजनाच्या दर किलोला २५ मायक्रोग्रॅम. ६० किलोच्या माणसाला महिन्याला १५००, म्हणजे दिवसाला ५०. अगदी काठावर पास झालेल्या पालकात १०० ग्रॅमला २० मायक्रोग्रॅम. वाटीभर भाजीत एवढा पालक सहज जातो, शिजला की एवढासाच होतो. मोठ्या माणसाचं निभतं. १५ किलोच्या पोराचा दिवसाचा वाटा मात्र १२.५. त्याला साठेक ग्रॅम पालकातच कोटा संपला, आणि भात, गहू, बटाटा यातूनही थोडं येतंच असतं.

माळवंवाला
वाचत होतो गप. आता बोलतो.

तुम्ही फोटो काढला नाही हे बरं केलंत. नाल्याचं पाणी उचलणाऱ्याकडे सगळे असे बघतात जणू त्याने विष कालवलं. ते पाणी आलं कुठनं? तुमच्या मोरीतनं, तुमच्या संडासातनं, तुमच्या गॅरेजातनं. आम्ही नाही सोडलं. आम्ही खालच्या अंगाला आहोत एवढाच गुन्हा.

माझं स्वतःचं रान विहिरीवर आहे, पण चुलत्याचं नाल्याकडेला. फेब्रुवारी सरला की बोअर हवा फेकतं. नाला बारमाही. वर त्या पाण्यात खत फुकटचं, युरियाची गोणी लागत नाही. पालक महिन्यात कापणीला येतो, हातात रोज पैसा. वाटेकऱ्याला सांगून बघा, 'बाबा, ज्वारी कर'. तो विचारेल, पोरांच्या शाळेचे पैसे चार महिन्यांनी देऊ का?

आणि लिलावात कोण विचारतं पाणी कुठलं म्हणून? हिरवी पेंडी वर जाते, माझी विहिरीवरची जरा फिकट निघाली की दर पडतो. गिऱ्हाइकालाच हिरवं पाहिजे ओ.

भुईकोट
दादा, राग धरू नका. दोष द्यायचा नव्हता. पण पेंड्या त्या पाण्यात बुचकळणं तरी?

माळवंवाला
ते चूकच. बुचकळायचं तर चांगलं पाणी बॅरलभर ठेवावं. चुलत्याला बोललोय मी, एकदा नाही चारदा.

रंगारी_बोळ
रंगाचा विषय निघणारच होता म्हणून आधीच लिहितो. आमच्या घरी दोन पिढ्या सूत रंगवायचं काम होतं. चादरी-टॉवेलच्या गावात नाल्याला कधी लाल, कधी निळं पाणी दिसलं की लोक म्हणतात, 'बघा, जड धातू'. रंग दिसतो म्हणजे धातू आहे असं नाही, आणि रंग दिसत नाही म्हणजे नाही असंही नाही. सुती कापडाच्या हल्लीच्या बऱ्याच रिअॅक्टिव्ह रंगांत धातू नसतोच. फिरोजी निळ्यात तांबं असतं, ते रंगाच्या रेणूतच बसलेलं. मला आठवतं ते सल्फर ब्लॅकचं काम. काळा पक्का बसवायला आजोबा बायक्रोमेट वापरत. नारिंगी खडे, अगदी खडीसाखरेसारखे दिसणारे. त्यांच्या बोटांच्या पेरांना कायम जखमा असायच्या, भरायच्याच नाहीत. ते खरं क्रोमियम. पुढे पेरॉक्साइडवर काम व्हायला लागलं तेव्हा हात सुधारले.

मला विचाराल तर रंगीत पाण्यापेक्षा बिनरंगी पाण्याची भीती जास्त. मुलामा देणारी छोटी दुकानं, बॅटऱ्या फोडणारे, भंगार वितळवणारे. त्यांचं पाणी दिसत नाही, एका बादलीत जे असतं ते मोठ्या हौदभर रंगात नसतं.

ओपीडी_नंतर
डॉक्टर आहे, नाव नको. भुईकोट, आधी तुमच्या आईंबद्दल.

पालक आणि हिमोग्लोबिन हे लग्न लोकांनी लावलेलं आहे. पालकात लोह असतं, पण त्यातल्याच काही घटकांमुळे अंगी फार थोडं लागतं. ८.४ वर गोळ्याच काम करतील. त्या चहाबरोबर घेत नाहीत ना, ते बघा. आमच्याकडच्या निम्म्या आया चहाबरोबरच घेतात. आणि ८.४ का झालं, रक्त कुठे जातंय का, याचा तपास झाला नसेल तर तो आधी.

आता यातली गंमत म्हणा की दुर्दैव. अंगात लोह कमी असलं की आतडं लोह शोषायची दारं वाढवतं, आणि त्या दारातून कॅडमियम आणि शिसंही आत येतं. म्हणजे ज्या बाईला आपण पालक खा म्हणतो, तिच्याच अंगात ते जास्त मुरतं. आपल्याकडे अॅनिमिया बायकांत आणि लहान पोरांत किती आहे हे सांगायला नको.

कॅडमियम जातं मूत्रपिंडात आणि तिथे १० ते ३० वर्षं ठाण मांडतं. आज खाल्लं, उद्या त्रास, असं होत नाही. म्हणून तुमच्या आईंचं 'इतकी वर्षं काय झालं' हे वाक्य इथे चालत नाही. जपानात तोयामा भागात जिंत्सू नदीचं खाणीतलं पाणी भातशेतीला जायचं. तिथल्या म्हाताऱ्या बायकांची हाडं इतकी ठिसूळ झाली की खोकल्याने मोडायची. 'इताई-इताई' म्हणजे 'दुखतंय-दुखतंय', तेच रोगाचं नाव पडलं. सरकारने १९६८ मध्ये ते प्रदूषणाने झाल्याचं मान्य केलं. तिथलं प्रमाण फार मोठं होतं, आपला नाला म्हणजे तोयामा नव्हे. पण धातू कुठे जाऊन बसतो हे कळायला ते उदाहरण पुरे.

शिशाचं वेगळं. लहान मुलांच्या मेंदूला त्याचा फटका बसतो आणि इतक्यापर्यंत चालतं अशी सुरक्षित पातळी कुठलीच नाही. सामूंनी सांगितलेल्या त्या संयुक्त समितीची शिशासाठीची जुनी आठवड्याची मर्यादा २०१० मध्ये याच कारणाने मागे घेतली गेली.

पण माझ्या ओपीडीत नाल्याच्या भाजीचं म्हणून जे रोज येतं ते धातूचं नसतं. जंत, टायफॉइड, कावीळ. कोथिंबीर नीट न धुता कच्ची वरून भुरभुरवतो ना, ती. मेंदूत टेपवर्मच्या गाठी होऊन फिट येणारे शाकाहारी पेशंट मी बघितलेत. धुण्याने आणि शिजवण्याने हे जवळजवळ सगळं टळतं. धातूच्या भीतीने धुणं सुरू करा, फायदा इकडे होईल.

आणखी एक, चर्चेच्या कडेचं. तंबाखूचं पान कॅडमियम ओढण्यात पालकाच्या तोडीचं आहे. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या अंगात न ओढणाऱ्याच्या साधारण दुप्पट कॅडमियम असतं. विड्या वळणाऱ्या बायकांच्या गावात राहून आपण फक्त शेपूवर संशय घेतोय.

कडक_भाकरी
म्हणजे आमचे मामा बिडी ओढत ओढत 'भाजी धुऊन आण' म्हणतात, ते शास्त्रीयदृष्ट्या...

ओपीडी_नंतर
मामांना एक्स-रे काढायला पाठवा.

गच्चीवाली
मग मी गच्चीवर लावलेली मेथी तरी निर्धोक ना? जुन्या वाड्याची गच्ची आहे. कुंड्या कठड्याला टेकून आहेत.

सामू_८
कठड्याला तेलरंग आहे का? किती जुना? घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाखात ९० भाग) झाली ती १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या पिवळ्या, हिरव्या, लाल तेलरंगाचे पोपडे कुंडीत पडत असतील तर नाल्याच्या पालकाला हसू नका. कुंड्या तिथून हलवा. आणि माती कुठून आणलीत? ओल्या-सुक्या एकत्र कचऱ्यापासून केलेलं खत असेल तर त्यात जुने सेल, बल्ब, सगळं दळलेलं असू शकतं. शेणखत, गांडूळखत ठीक. चांगलं कुजलेलं सेंद्रिय खत उलट धातूला धरून ठेवतं.

गच्चीवाली
हिरवा तेलरंग. पोपडे रोज झाडते मी. :( आजच हलवते.

सातरस्ता
मला केसांची तपासणी करून 'हेवी मेटल डिटॉक्स' करा असं एकाने सुचवलं. पॅकेज आहे. कुणी केलंय?

ओपीडी_नंतर
करू नका. केसांवर शाम्पूचं, हवेतलं, कलपाचं सगळं असतं. शिशाची शंका असेल तर रक्ताची तपासणी असते, कॅडमियमसाठी लघवीची. आणि धातू ओढून काढणारी औषधं खऱ्या विषबाधेत, दवाखान्यात देतात. त्यातली काही अंगातलं कॅल्शियमही ओढतात. डिटॉक्सच्या नावाखाली सलाइन लावून घेणं हा मूर्खपणा आहे, स्पष्ट लिहितो.

भुईकोट
भाजी तपासून घ्यायची असेल तर?

सामू_८
एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची प्रयोगशाळा बघा. मान्यता सरसकट नसते, भाजीतल्या शिशा-कॅडमियमच्या चाचणीसाठी आहे का ते विचारा. एकाच ठिकाणची किलोभर भाजी द्या, चार विक्रेत्यांची मिसळ नको, नाहीतर उत्तर कुणाचंच राहत नाही. निम्मी तुम्ही नेहमी धुता तशी धुऊन द्या, निम्मी तशीच. दोन्हीतला फरक म्हणजे बाहेरची धूळ, उरलेलं आतलं. आणि अहवाल ताज्या वजनावर मागा.

पण खरं सांगू का, एका पेंडीचा अहवाल त्या पेंडीपुरता. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या रानातली येणार. त्यापेक्षा भाजी बदलत राहणं स्वस्त पडतं. फळभाजीत, म्हणजे वांगी, भेंडी, दोडका यात कॅडमियम पानापेक्षा बरंच कमी उतरतं. नाल्याकाठी काही करायचंच तर झेंडू-शेवंती करावी, कुणी खात नाही.

माळवंवाला
झेंडूचं म्हणाल तर दसरा-दिवाळीला सोनं, बाकी वर्षभर उकिरड्यावर. पण चुलत्याच्या पोराच्या कानावर घालतो. जस्ताचं पण सांगतो, झिंक सल्फेट आम्ही ऊसाला टाकतो, माळव्याला कुणी टाकत नाही.

पुंडी_पल्ल्या
सगळे पालक-पालक करताय. आमच्याकडे आजी पालक 'दवाखान्याची भाजी' म्हणायची. घरात पुंडी (अंबाडी), चुका, राजगिऱ्याचं गरगटं, आणि थंडीत करडई, हरभरा. करडई-हरभऱ्याला पाणी कोण देतं? ज्वारीच्या रानाच्या कडेने करडईच्या ओळी असतात, काटे आले की जनावर आत शिरत नाही म्हणून. पावसाळ्यातल्या ओलीवर येते सगळी. नाला तिकडे नाहीच.

सामू_८
हे मला सुचायला हवं होतं! कोरडवाहू रान, सांडपाणी नाही, शहराची धूळ नाही, खतही बेताचं. स्फुरदाच्या (फॉस्फेटच्या) खतातूनसुद्धा कॅडमियम येतं, ते खत ज्या दगडापासून करतात त्यातच असतं ते, आणि कोरडवाहूला खताची गोणी पडते ती माळव्याच्या मानाने कितीतरी कमी. हंगामी आहे, दोनेक महिन्यांचा खेळ, पण तेवढा तरी पालकाला विसावा.

भुईकोट
आज मंडईत गेलो होतो. नेहमीच्या मावशींना विचारलं, 'पालक कुठला?'
'रानातला. आणि कुठला?'
'पाणी कुठलं म्हणतोय.'
'लिलावातनं घेते बाळा. पाण्याचं मला काय ठाव?'
शेजारी एक म्हातारी पोत्यावर हिरवा ढीग घेऊन बसली होती. पेंडी नाही, सुटी, खुडलेली पानं. पानाच्या कडा हाताला जराशा टोचणाऱ्या. तिला विचारलं, 'आज्जी, हिला पाणी कुठलं?' ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, 'करडीला पाणी देत्यात व्हय?'
पाव किलो घेतली. बायको राजी आहे, आई बघून म्हणाली, किती वर्षांनी आणलीस. आता करायची कशी ते सांगा, ती आईच्या हातची होती, तिला उभं राहवत नाही आणि आम्हाला येत नाही.

पुंडी_पल्ल्या
निवडून तीन पाण्यांनी धुवा, काळी माती पानाच्या पोटाला बसलेली असते. बारीक चिरा. मूठभर मूगडाळ भिजवून. तेल सढळ हाताने, लसूण ठेचून दहा पाकळ्या, सुकी लाल मिरची. लसूण तांबूस झाला की डाळ, मग भाजी. झाकण ठेवू नका, रंग जातो. शेवटी शेंगदाण्याचं कूट. कोवळी चार पानं बाजूला काढा, कांदा, कूट, मीठ आणि कच्चं तेल घालून भाकरीबरोबर. ती कच्ची खायची म्हणून चौथं पाणी.

ओपीडी_नंतर
चौथं पाणी लिहिलंत, आता मला काही बोलायचं नाही. गोळी चहाबरोबर नको, भुईकोट.

भुईकोट
विचारलं. चहाबरोबरच घेत होती.